पडद्याचे माप आणि डोळ्यांचे माप

धानाची कापणी-मळणी आटोपून चुकारे हाती येऊ लागले की आमच्या भागातील घराघरांत मोठ्या खरेदीची चर्चा सुरू होते. मुर्री हे गोंदिया शहराला लागून असलेले गाव. बाजारपेठ अगदी हाकेच्या अंतरावर. पूर्वी या दिवसांत दुचाकी, कूलर, शिलाई यंत्र यांचे बेत होत असत. अलीकडे त्या यादीत मोठ्या पडद्याच्या दूरचित्रवाणी संचाने वरचे स्थान मिळवले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि हा ओढा आणखी वाढला. रक्तदाब मोजून घेता घेता रुग्ण विचारतात, “डॉक्टरसाहेब, एलईडी घ्यावा की ओएलईडी? डोळ्यांना कोणता चांगला?”

हा प्रश्न सहज विचारलेला नसतो. चाळीस-पन्नास हजारांची खरेदी म्हणजे कित्येक घरांत एका हंगामाची शिल्लक असते. त्यातला तांत्रिक भाग दुकानदार सांगतो. पण पाहणाऱ्याचे डोळे, मान आणि कान यांचा विचार दुकानात होत नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या स्वतःच्या घरी असा संच घेण्याची वेळ आली, तेव्हा या दोन्ही बाजू एकत्र मांडून पाहाव्या लागल्या. तोच विचार येथे मांडतो आहे.

प्रथम नावांचा गोंधळ दूर करू. बाजारात ज्याला ‘एलईडी’ म्हणतात तो मूलतः एलसीडीच असतो. द्रवस्फटिकांचे लक्षावधी सूक्ष्म पडदे समोर आणि त्यांच्या मागे प्रकाश, अशी त्याची रचना. पूर्वी मागचा प्रकाश नळीदिव्यांसारख्या बारीक नळ्यांचा असे. आता तो एलईडीचा असतो, एवढाच फरक. पांढरा प्रकाश देणारे हे दिवे ज्या निळ्या एलईडीमुळे शक्य झाले, तिच्या शोधासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. ‘क्यूएलईडी’मध्ये या प्रकाशापुढे क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर असतो, त्यामुळे रंग अधिक शुद्ध दिसतात. या कणांवरील कामालाही २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल लाभले. ‘मिनी-एलईडी’मध्ये मागचे दिवे फार लहान आणि संख्येने पुष्कळ असतात, चित्राचा जो भाग काळोखा असेल तेथील दिवे मंद करता येतात. ‘ओएलईडी’ची जात मात्र निराळी. तिथे मागे दिवा नसतोच. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा रंग दाखवायचा असेल तेव्हा पूर्ण विझतो. म्हणून अंधाऱ्या खोलीत त्याचे चित्र डोळ्यांत भरते. किंमतही तशीच भरभक्कम असते.

यांपैकी कोणताही प्रकार डोळ्यांना अपाय करतो, असे मानण्यास आधार नाही. पडद्याच्या निळ्या प्रकाशाने दृष्टिपटल जळते, ही भीती अनेकांच्या मनात घर करून बसली आहे. भर दिवसा आकाशाकडे पाहताना डोळ्यांत जेवढा निळा प्रकाश शिरतो, त्याच्या मानाने पडद्याचा प्रकाश किरकोळ असतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो का, याचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केला. साध्या काचांच्या तुलनेत अल्पकाळात तरी विशेष फरक त्यात आढळला नाही. तेव्हा ‘डोळ्यांची काळजी घेणारा’ असा शिक्का पाहून चार पैसे अधिक मोजण्याची गरज नाही. रात्री उशिरापर्यंत प्रखर पडदा पाहिल्याने झोप लांबते हे मात्र खरे. त्यावर उपाय संच बदलण्याचा नसून वेळेवर बंद करण्याचा आहे.

आता ठिपक्यांचा हिशेब. फुल एचडी पडद्यावर आडव्या ओळीत १,९२० ठिपके असतात, फोर-के पडद्यावर ३,८४०. निरोगी, म्हणजे आम्ही ज्याला ६/६ म्हणतो त्या दृष्टीला एका अंशाच्या साठाव्या भागाइतके अंतर वेगळे ओळखता येते. या मापाने गणित केले तर ५५ इंची पडद्यापासून सुमारे सात फुटांपलीकडे बसणाऱ्याला फुल एचडी आणि फोर-के यांच्या ठिपक्यांतला फरक कळत नाही. ४३ इंची पडद्यासाठी हे अंतर साडेपाच फूट, ६५ इंचीसाठी साडेआठ फूट आणि ७५ इंचीसाठी पावणेदहा फूट येते. मोठे संच आता बहुतेक फोर-केच मिळतात, म्हणून ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याहून वरच्या एट-केसाठी घरगुती दिवाणखान्यात अधिक पैसे घालवणे व्यर्थ होय. आणि हे सारे गणित ६/६ दृष्टीचे आहे. ज्याची दृष्टी ६/१२ आहे त्याच्यासाठी ही सर्व अंतरे निम्मी करावी लागतात. दृष्टी मंद झालेल्या माणसाला बारीक ठिपक्यांचा उपयोग नसतो. त्याला हवे असते मोठे चित्र आणि त्यातील उजेड-काळोखाचा स्पष्ट भेद.

१९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ मालिका सुरू झाली, त्या काळी रविवारी सकाळी आमच्या गल्लीतील एका घरी तीस-चाळीस माणसे जमत. पडदा जेमतेम वीस इंचांचा, मागच्या रांगेतली माणसे दाराबाहेर छपरीत. तरीही चित्र दिसत नाही अशी तक्रार मी कधी केली नाही, कारण तेव्हा माझे डोळे अठरा वर्षांचे होते. वीस वर्षांच्या तरुणाच्या दृष्टिपटलावर जेवढा प्रकाश पोहोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर पोहोचतो. बाहुली लहान होते, नेत्रभिंग पिवळसर पडते. म्हणजे एकाच घरात एकाच संचासमोर बसलेली तीन पिढ्यांची माणसे वस्तुतः तीन निरनिराळी चित्रे पाहत असतात.

याचा एक परिणाम दवाखान्यात वारंवार दिसतो. एका राईस मिलमध्ये हिशेबनीस म्हणून आयुष्य घालवलेले एक गृहस्थ मधुमेहाच्या तपासणीसाठी नियमित येतात. जुन्या संचाचे चित्र धुरकट झाले म्हणून मुलांनी त्यांना ५५ इंची नवा संच आणून दिला. महिनाभरात ते म्हणाले, “हाही तसाच निघाला. कंपनीच्या माणसाने दोनदा येऊन पाहिले. त्याला काही दोष सापडत नाही.” बॅटरीच्या प्रकाशात त्यांच्या दोन्ही डोळ्यांची भिंगे पिंगट दिसत होती. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनी सांगितले की संचातला निळा रंग इतका निळा असतो, हे त्यांना ठाऊकच नव्हते. तोच संच, तीच भिंत, तीच खुर्ची. पिकलेले भिंग निळा प्रकाश अडवते. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की हरवलेला रंग परत येतो.

म्हणून चाळिशी उलटलेल्या कोणी ‘संच जुना झाला, चित्र स्पष्ट दिसत नाही’ असे म्हटले, तर दुकानाआधी नेत्रतपासणी करून घ्यावी, असा माझा आग्रह असतो. घरी करण्याजोगी एक साधी चाचणीही सांगतो. चष्मा लावून संचासमोर नेहमीच्या जागी बसावे. एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने पडद्याच्या चौकटीकडे पाहावे. मग डोळे बदलावेत. चौकटीची सरळ कड एका डोळ्याला वाकडी किंवा लहरीसारखी दिसली, अथवा चित्राच्या मध्यभागी डाग दिसला, तर दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूत बिघाड असू शकतो. असा बदल अकस्मात जाणवला तर दिवस न दवडता नेत्रतज्ज्ञाकडे जावे. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा अधू डोळ्याची उणीव झाकून टाकतो. म्हणून एकेक डोळा झाकूनच पाहणे आवश्यक असते.

आमच्या घरच्या खरेदीचे कारणही असेच होते. आईचे वय ८३. तिच्या दोन्ही डोळ्यांच्या मॅक्युलाची, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूची, वार्धक्यामुळे झीज झाली आहे. हा शुष्क प्रकार आहे. गेलेली दृष्टी परत आणणारे औषध त्यावर नाही. तिला घरात वावरता येते, ताटातले दिसते. पण ज्या बिंदूवर नजर रोखावी नेमका तोच पुसला जातो. माणसाकडे पाहिले तर खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. संध्याकाळी सगळे एकत्र बसत तेव्हा ती हळूहळू आपल्या खोलीत राहू लागली. विचारल्यावर म्हणाली, “आवाजावरून समजते मले कोण बोलून राहिले ते, चेहरा नाही दिसत. मग तुमच्यात बसून काय करू?” त्या वाक्याने घरात सर्वांना गप्प केले. तिला मालिकेपेक्षा अधिक काहीतरी दुरावत होते. दिवसाकाठी कुटुंबाबरोबर घालवण्याचा तो एकच तास होता.

पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने आजीसाठी ७५ इंची ओएलईडी घेण्याचे सुचवले. प्रेमापोटी सुचवलेली गोष्ट होती, पण गणित वेगळे निघाले. आमचा दिवाण भिंतीपासून दहा फुटांवर आहे. तेथून पाहताना ५५ ऐवजी ७५ इंची पडदा घेतला तर चित्र सुमारे छत्तीस टक्क्यांनी मोठे होते. उलट ५५ इंची पडद्यासमोर खुर्ची दहाऐवजी पाच फुटांवर आणली, तर चित्र दुप्पट होते. म्हणजे दहा फुटांवरून ११० इंची पडदा पाहावा तसे. अंतर निम्मे करून प्रतिमा दुप्पट करणे ही अधू दृष्टीच्या रुग्णांसाठी नेत्रतज्ज्ञ नेहमी सांगतात ती रीत आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही. ‘जवळून पाहिल्याने डोळे खराब होतात’ ही समजूत एवढी रुजलेली आहे की अनेक घरांत म्हाताऱ्या माणसांना मायेने मागे सरकवले जाते. त्यांच्या झिजलेल्या दृष्टिपटलाला जवळ बसण्याने काहीही इजा होत नाही. लहान मूल एकाएकी पडद्याजवळ जाऊन बसू लागले तर त्याचे डोळे तपासावेत. जवळ बसणे हे तिथे लक्षण असू शकते, कारण नव्हे.

खुर्ची पुढे आणायची ठरल्यावर पुढचा निर्णय आपोआप सुकर झाला. मधोमध बसली असती तर मागच्यांना आड आली असती, म्हणून आईची जागा डाव्या बाजूला, काहीशी तिरकी ठरली. येथे पडद्याच्या जातीचा खरा संबंध येतो. एलसीडी पडद्यांत दोन मुख्य प्रकार आहेत. ‘व्हीए’ पडदा समोरून पाहताना काळा रंग गडद दाखवतो, पण बाजूने पाहिल्यास फिका पडतो. ‘आयपीएस’ पडद्याचा काळा रंग तितका गडद नसतो, परंतु बाजूनेही चित्र टिकून राहते. ओएलईडी बाजूने पाहतानाही उत्तम असतो. पण आमच्या दिवाणखान्याला पूर्वेकडे मोठे दार आणि दोन खिडक्या आहेत. दिवसाच्या उजेडात पडद्यावर पडणारा प्रकाशच काळ्या रंगाला करडा करून टाकतो. तेव्हा ओएलईडीचा मुख्य गुण तिथे वाया जातो. शिवाय दिवसभर वृत्तवाहिनी लावून ठेवण्याची आमच्या घरची सवय. एकाच जागी तासन्‌तास स्थिर राहणारी वाहिनीची मुद्रा आणि खालची पट्टी यांचा ठसा ओएलईडीवर कालांतराने कायमचा उमटण्याचा धोका असतो. या सर्वांचा विचार करून आयपीएस पडद्याचा, चांगला उजेड देणारा, कमी चकाकणारा ५५ इंची एलईडी संच आम्ही घेतला. ज्यांची खोली अंधारी, पाहणारे मोजके आणि आवड चित्रपटांची, त्यांच्यासाठी ओएलईडी उत्तमच. ज्यांच्याकडे दिवसा लख्ख उजेड असतो आणि सारे समोरच बसतात, त्यांना मिनी-एलईडी अधिक सोयीचा. प्रोजेक्टरचा पडदा सर्वांत मोठा, पण त्याला अंधार लागतो; दिवसा घरात तो फिका दिसतो.

उरलेल्या पैशांतून ध्वनिपट्टी, म्हणजे साऊंडबार, घेतला. पातळ संचांचे ध्वनिवर्धक बहुधा खाली किंवा मागे तोंड केलेले असतात. वार्धक्यात प्रथम उच्च स्वरांची श्रवणशक्ती कमी होते. स, श, त, फ असे वर्ण निसटतात आणि शब्द ओळखू येत नाहीत. आवाज वाढवला की गोंगाट वाढतो, शब्द तरीही कळत नाहीत. समोरून येणारा आणि संवाद उठावदार करणारा आवाज अशा माणसांना फार उपयोगी पडतो. तरीही शब्द कळत नसतील तर श्रवणचाचणी करून घ्यावी.

संच आल्यावर भिंतीवर तो किती उंच लावायचा, हा प्रश्न राहतो. बसवणारा माणूस सोयीची भोके पाडून मोकळा होतो आणि पुढे वर्षानुवर्षे घरची मंडळी मान वर करून पाहत राहतात. मानेच्या मणक्यांची झीज असलेल्यांना याचा त्रास निश्चित होतो. खुर्चीत बसल्यावर डोळे साधारण साडेतीन फुटांवर येतात; पडद्याचा मध्य त्याच उंचीवर, किंवा किंचित खाली असावा. ५५ इंची संचाची खालची कड मग जमिनीपासून जवळपास अडीच फुटांवर येते. द्विनाभीय किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरणाऱ्यांनी आडवे पडून पाहू नये. त्या अवस्थेत नजर भिंगाच्या खालच्या, वाचनाच्या भागातून जाते आणि चित्र अस्पष्ट दिसते. संच खिडकीसमोर लावू नये. दुकानात तो सर्वाधिक प्रखर अवस्थेत लावलेला असतो. घरी आणल्यावर ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’ ही मांडणी निवडून उजेड खोलीच्या मानाने कमी करावा. रात्री खोलीत पूर्ण अंधार न करता संचामागे एखादा मंद दिवा ठेवावा.

मुलांच्या बाबतीत आईवडिलांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. हातातील मोबाइल तीस सेंटिमीटरवर असतो. तेथे नजर स्थिर करण्यासाठी डोळ्यांतील स्नायूंना तीन मीटरवरच्या पडद्याच्या दहापट श्रम पडतात. पाहायचेच असेल तर मोठ्या पडद्यावर, दुरून आणि सर्वांच्या देखत पाहणे अधिक बरे. वेळेची मर्यादा मात्र सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील बालकांनी पडद्यासमोर बसू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाहून अधिक वेळ नसावा. अपस्माराचा त्रास असलेल्या मुलांना वेगाने लुकलुकणारी दृश्ये जवळून, अंधारात दाखवू नयेत. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये एका व्यंगपटातील लाल-निळ्या लखलखाटानंतर सहाशेहून अधिक जणांना, त्यांत बहुतेक मुलेच होती, रुग्णालयात न्यावे लागले होते. आणि संच टेबलावर ठेवला असेल तर तो पट्ट्याने भिंतीला बांधावा. बारा ते अठरा किलोंची ही वस्तू रांगणाऱ्या मुलाने ओढली तर डोक्यावर कोसळते.

आई आता संध्याकाळी तिच्या खुर्चीत येऊन बसते. चेहरे अजूनही पूर्ण दिसत नाहीत. नजर किंचित बाजूला वळवली की नाक-डोळे ओळखू येतात आणि कोण रडते, कोण हसते ते समजते. तेवढ्यावरून ती आम्हा सर्वांशी वाद घालते. दृष्टी सुधारलेली नाही आणि सुधारणारही नाही. पण जेवढी उरली आहे तेवढी पूर्ण वापरली जाते आहे.

वाचकांपैकी कोणी येत्या सणात मोठा संच घेणार असतील, तर दुकानात जाताना दोन कागद जवळ असावेत. एकावर खोलीचे माप, बसण्याची जागा आणि खिडकीची दिशा. दुसऱ्यावर घरातील सर्वांत अधू डोळ्यांचा अलीकडचा तपासणी अहवाल. शक्य झाल्यास त्या डोळ्यांच्या धन्यालाही बरोबर न्यावे, खुर्ची मागून घेऊन संचासमोर बसवावे आणि काय दिसते ते त्यालाच विचारावे. घरातल्या सर्वांत अधू डोळ्यांना जो पडदा दिसतो, तो बाकीच्यांना दिसतोच.